पंधरा टक्के बेपत्ता

मनापासून वाईट असलेल्या सिनेमाशी माझं काही भांडण नाही. तो पहिल्या दहा मिनिटांतच स्वतःची ओळख करून देतो, आपण मोबाइल हातात घेतो, आणि पुढचे दोन तास कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. जीव जळतो तो दुसऱ्या जातीच्या सिनेमाने. कथा आहे, पैसा आहे, माणसं आहेत, निसर्गसुद्धा फुकटात काम करतोय, आणि तरीही जो हातातोंडाशी आलेला घास खाली पाडतो, त्याने.

या जातीतला माझ्या पाहण्यातला सगळ्यात वरचा नमुना म्हणजे 2017 चा ‘द स्नोमॅन’. नॉर्वेतल्या ऑस्लोत कुणीतरी बायकांचे खून करतोय आणि जिथे खून झाला तिथे बर्फाचा बाहुला करून ठेवतोय. एवढं एक वाक्य नुसतं कानावर पडलं तरी अंगावर काटा येतो. सिनेमा पाहिला की तो काटा जातो.

आधी स्थळ कसं होतं ते बघा. मूळ कादंबरी जो नेस्बो यांची, 2007 ची, हॅरी होल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या मालिकेतली सातवी आणि जगभर खपलेली. दिग्दर्शक स्वीडनचे तोमास आल्फ्रेडसन. यांनी 2008 मध्ये ‘लेट द राइट वन इन’ केला होता: बर्फात बुडालेली वसाहत, एकटा पडलेला मुलगा आणि शेजारी राहायला आलेली, रक्तावर जगणारी मुलगी. मग 2011 मध्ये ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’: म्हातारे हेर, बंद खोल्या आणि इतका गुंता, की मधेच चहा टाकायला उठलात तर परत आल्यावर कोण कुणाच्या बाजूने आहे ते कळत नाही. म्हणजे या माणसाला बर्फ येतो आणि गुंताही येतो. बर्फातला गुंता सोपवायला याहून लायक माणूस पृथ्वीवर नसावा. त्याआधी हा सिनेमा खुद्द मार्टिन स्कॉर्सेसी करणार होते. पुढे ते कार्यकारी निर्माते झाले, म्हणजे पत्रिकेत वर नाव आणि मांडवात पत्ता नाही. संकलनाला स्कॉर्सेसींच्या नेहमीच्या थेल्मा शूनमेकर, ज्यांच्या घरी संकलनाची तीन ऑस्कर आहेत, आणि जोडीला ‘प्लाटून’साठी ऑस्कर घेतलेल्या क्लेअर सिम्पसन. कॅमेऱ्यामागे डिऑन बीबी, तेही ऑस्करवाले. नायक मायकेल फासबेंडर. बाकी मंडळी रिबेका फर्ग्युसन, शार्लोट गेन्सबर्ग, जे. के. सिमन्स, टोबी जोन्स, व्हॅल किल्मर. शिवाय क्लोई सेविनी, आणि त्याही जुळ्या बहिणींच्या डबल रोलमध्ये, म्हणजे आपल्याकडचंसुद्धा काही कमी पडू दिलेलं नाही. खर्च साडेतीन कोटी डॉलर. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले होते.

आणि परीक्षणांची गोळाबेरीज करणाऱ्या रॉटन टोमॅटोजवर या सिनेमाला बरं म्हणणारे समीक्षक निघाले दहा टक्क्यांच्याही आत.

आता एरवी सिनेमा पडला की निर्माता प्रेक्षकांना दोष देतो, प्रेक्षक दिग्दर्शकाला, आणि दिग्दर्शक म्हणतो, काळाच्या पुढचा होता. इथे मात्र दिग्दर्शकाने कबुलीजबाब दिला, तोही सिनेमा लागत असतानाच. नॉर्वेच्या सरकारी वाहिनीला, एनआरकेला, त्यांनी सांगितलं की पटकथेतला दहा ते पंधरा टक्के भाग आमच्याकडून चित्रितच झाला नाही. पैसे मंजूर झाल्याचा निरोप अचानक आला, शूटिंग घाईघाईने सुरू करावं लागलं, नॉर्वेतले दिवस पुरले नाहीत, आणि लंडनला जाऊन कापाकापीला बसल्यावर लक्षात आलं की बरंच काही नाहीच.

ती संकलनाची खोली माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. कुणीतरी विचारत असणार, “इथे त्याला हा पत्ता कुठून कळतो?” “त्या आधीच्या सीनमधून.” “कुठल्या?” “जो काढला नाही.” “बरं, मग ही बाई एकदम रडते का?” “तिला ते पत्र मिळतं ना.” “पत्र कुठाय?” “त्याच सीनमध्ये.” तीन ऑस्कर घरी असलेल्या बाईंनी तेव्हा चश्मा काढून डोळे पुसले असतील, तर माझी त्यांना पूर्ण सहानुभूती आहे. संकलक नको ते कापू शकतो. नसलेलं कसं कापणार?

आकड्यांची एक गंमत मला फार आवडते. न काढलेला भाग दहा ते पंधरा टक्के. सिनेमा आवडलेले समीक्षक दहा टक्क्यांच्या आत. म्हणजे जो भाग कुणी पाहिलाच नाही, त्याची टक्केवारी आवडलेल्यांपेक्षा जास्त.

तसं पाहिलं तर पंधरा टक्के काही फार नाहीत. दुकानाबाहेर पंधरा टक्के सूट लिहिलेलं असलं तर आपण आत शिरतही नाही. प्रेमकथेतले पंधरा टक्के गेले तर दोन गाणी आणि एक बागेतला प्रसंग जातो, नायकनायिका तरीही एकमेकांना सापडतात. आपल्या संध्याकाळच्या मालिकांतले पंच्याऐंशी टक्के काढले तरी चालतात. एकाच वाक्यावर पाच जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवणं तेवढं थांबेल. रहस्यकथेचं तसं नाही. तिथे चहाच्या कपाची बाजू बदलली तर ती कुणीतरी बदललेली असते. तिथलं एक वाक्य गळलं तर खुनी सुटतो किंवा, जास्त वाईट म्हणजे, कसा सापडला ते कळत नाही.

पानं गायब असलेली रहस्यकथा वाचण्याचा अनुभव मराठी माणसाला नवा आहे असंही नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड वाचनालयातून घरी यायचे ते बरेचदा मलपृष्ठाशिवाय, आणि नेमकं शेवटचं पान कुणा दुष्टाने फाडलेलं असायचं. पण त्यात एक प्रामाणिकपणा होता. काय गेलं ते दिसत होतं. आपण त्या दुष्टाला शिव्या द्यायचो आणि शेजारच्या वाचनालयात तीच कथा शोधायचो. ‘द स्नोमॅन’मध्ये पानं मधूनमधून गेलेली आहेत आणि पृष्ठांक मात्र ओळीने पडलेत. प्रेक्षकाला वाटतं, आपलंच लक्ष नव्हतं. मी दोनदा मागे जाऊन बघितलं. लक्ष होतं.

हा सिनेमा मी मावशीबरोबर पाहिला. तिची या विषयातली पात्रता सांगणं भाग आहे. 1998 मध्ये ‘सीआयडी’ सुरू झाली तेव्हापासून ती गुन्हे अन्वेषणात आहे. शिवाजी साटमांनी हात हवेत फिरवून संशय व्यक्त करायच्या आत तिचा संशय व्यक्त झालेला असतो. झी मराठीवरची ‘देवमाणूस’ तिने एकही भाग न चुकवता पाहिली. गावातला लाडका डॉक्टर, लोक त्याला देवमाणूस म्हणतात, आणि तो एकामागून एक बायका मारतोय. त्यामुळे पडद्यावर कुणीही डॉक्टर हसतमुखाने आला की मावशी सावध होते. आता खऱ्या दवाखान्यातही होते, पण ते असो.

सिनेमाची सुरुवात फार चांगली आहे. हे मान्य केलंच पाहिजे. बर्फाळ रानात एकटं घर. आई आणि लहान मुलगा. एक पोलीस अधिकारी येतो, टेबलाशी बसतो आणि मुलाला इतिहासाचे प्रश्न विचारतो. उत्तर चुकलं की थप्पड आईला. थोड्या वेळाने आई मुलाला घेऊन गाडी काढते, गाडी गोठलेल्या तळ्यावर जाते. आई स्टिअरिंगवरचे हात काढून घेते आणि नुसती बसून राहते. मुलगा बाहेर पडतो, गाडी आईसकट खाली जाते. मावशी मेथी निवडत होती. तिने जुडी बाजूला ठेवली. मावशीने जुडी बाजूला ठेवणं म्हणजे कान महोत्सवात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवण्यासारखं आहे.

मग नायक आला आणि मेथी पुन्हा पुढ्यात आली.

हॅरी होल हा थोर गुप्तहेर आहे. हे आपल्याला कसं कळतं? सांगितलं म्हणून. खात्यात नव्याने आलेली कॅट्रिन ब्राट त्याला कळवते की तुमच्या केसेस आम्हांला अभ्यासाला होत्या. झालं. त्यानंतर तो अभ्यासाला ठेवण्याजोगं काही करताना दिसत नाही. तो दारू पितो, उघड्यावर झोपतो, सिगारेट मागतो, आधीच्या मैत्रिणीच्या मुलाला दिलेली वेळ विसरतो आणि खिडकीबाहेर बघतो. खिडकीबाहेर बघताना फासबेंडर उत्तम दिसतो, यात शंका नाही. पण घर मोडलेलं आणि लिव्हर मोडायला आलेली असली की माणूस आपोआप हुशार होतो, हे समीकरण कधीतरी तपासायला हवं. ते खरं असतं तर आमच्या गल्लीच्या टोकाला रात्री साडेदहानंतर महाराष्ट्रातले सगळे खून उलगडले असते.

होलच्या त्या आधीच्या मैत्रिणीचं नाव राकेल. तिचा आताचा जोडीदार डॉक्टर आहे. शांत, नीटनेटका, होलशीसुद्धा गोड बोलणारा.

“हाच,” मावशी म्हणाली.

“अगं, आत्ता कुठे पहिली बाई बेपत्ता झालीये.”

“होऊ दे. तिचा आधीचा माणूस उठसूट दारात येतोय आणि हा त्याच्याशी असं बोलतोय. असा नवरा असतो का कुठे? एक तर खुनी, नाहीतर देवमाणूस.” थोडं थांबून तिने भर घातली, “आणि देवमाणूस म्हटला तर मग विषयच संपला.”

रहस्य फोडलं म्हणून कुणी रागावू नये. सिनेमानेच ते फारसं जपलेलं नाही. आपल्याला फसवायला दुसराही एक डॉक्टर ठेवलाय, पण तो पहिल्याच दृश्यात इतका घामेजलेला आणि विचित्र वागतो की मावशीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “एवढा खुनी दिसणारा माणूस खून कशाला करेल?” या वाक्यावर पोलीस अकादमीत एक तास घ्यायला हरकत नाही.

आता मुख्य पात्राकडे, म्हणजे बाहुल्याकडे येऊ. नेस्बोच्या कादंबरीत एक बारीकशी गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळं पुस्तक तिच्यावर उभं आहे. अंगणात कुणीतरी केलेला तो बर्फाचा बाहुला रस्त्याकडे बघत नाही. तो घराकडे तोंड करून उभा असतो. बस्स. मुलं स्नोमॅन करतात तो येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावा म्हणून. हा तुमच्याकडे बघतोय. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाने खिडकीचा पडदा सरकवला की काय होईल याचा विचार करा. नेस्बोने एवढ्या लहान फिरकीत वाचकाची झोप घालवली.

सिनेमात बाहुले भरपूर आहेत. डोळे-तोंडाच्या जागी कॉफीच्या बिया. संगीत चढतं, कॅमेरा दबक्या पावलांनी पुढे सरकतो, सरकतो, आणि समोर काय? थोडासा कलंडलेला, पोट सुटलेला, चेहऱ्यावर काहीसा अपराधी भाव असलेला एक गोळा. भीती तर वाटत नाहीच, उलट त्याला कुणीतरी आत घ्यावं, चहा द्यावा असं वाटतं. मावशी तर चक्क हसली. तिचा बर्फाशी संबंध एकदाच आला, रोहतांगला, भाड्याच्या कोटात आणि दोन्ही डाव्या पायाच्या गमबुटांत. तिथे तिने आणि काकांनी असाच एक बाहुला केला होता, त्याचा फोटो अजून शोकेसमध्ये आहे. “आमच्याला नाक तरी होतं,” ती म्हणाली. भीतिपटातली मुख्य वस्तू बघून प्रेक्षकाला सहलीची आठवण येत असेल, तर दिग्दर्शकाने पुन्हा विचार करायला हवा होता. बहुधा तो विचार पंधरा टक्क्यांत गेला.

त्या सिनेमाचं पोस्टर तुमच्याही पाहण्यात आलं असेल. पांढरा कागद, लहान मुलाने काढावं तसं बाहुल्याचं चित्र आणि वेड्यावाकड्या अक्षरात पोलिसांना लिहिलेली चिठ्ठी: मिस्टर पोलीस, तिला तुम्हांला वाचवता आलं असतं, मी तर सगळे धागेदोरे दिले होते. लोकांनी या चिठ्ठीच्या इतक्या नकला केल्या की सिनेमापेक्षा पोस्टरच जास्त चाललं. पण खुन्याचं ते वाक्य मी आता शांत डोक्याने वाचतो तेव्हा त्याच्या बेरकीपणाची कमाल वाटते. सगळे धागेदोरे दिले होते म्हणे. दहा ते पंधरा टक्के दिलेलेच नाहीत, हे रेकॉर्डवर आहे.

जे दिलेत त्यांचं काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. जे. के. सिमन्स हे एक बडे उद्योगपती आहेत आणि ते ऑस्लोसाठी हिवाळी क्रीडास्पर्धांचं यजमानपद मिळवायच्या खटपटीत आहेत. मोठे समारंभ होतात, भाषणं होतात, बायका त्यांच्या खोलीवर जातात. याचा खुनांशी संबंध काय? मी शेवटपर्यंत वाट पाहिली. होलच्या घरात बुरशी काढायला एक माणूस येतो. भिंती उकरतो. मुंबई-पुण्यात राहिलेल्या माणसाला हे दृश्य सगळ्यात खरं वाटतं, पावसाळ्यात आपल्याकडेही असाच एकजण येतो, भिंत उकरतो आणि परत येत नाही. पण आपल्याकडे तो ओलीचा प्रश्न असतो, खुनाचा नसतो. टोबी जोन्ससारखा नट येतो आणि जातो. जुळ्या बहिणींपैकी एक मारली जाते, दुसरी राहते, आणि जुळं असण्याचा उपयोग एवढाच, की एका मानधनात दोन भूमिका झाल्या.

मग ते यंत्र. तिथल्या पोलिसांकडे ‘एव्हिसिंक’ नावाचा एक जाडजूड टॅब आहे. त्यावर जबाब नोंदवता येतो, चित्रण होतं, सगळं मुख्यालयाला जातं. त्याची ओळख अशी भक्तिभावाने करून दिली आहे, की वाटतं, आता या यंत्राने काहीतरी होणार. होतं एवढंच, की त्यातली माहिती पुसून ते रिकामं केलं जातं. 2017 सालातल्या प्रेक्षकाच्या खिशात यापेक्षा बरा कॅमेरा होता, हे निर्मात्यांच्या लक्षात आलं नसावं. आपल्याकडे 2024 पर्यंत दोन पंच, एक कोरा कागद आणि ‘समक्ष वाचून दाखवला, बरोबर आहे’ एवढ्यावर पंचनामा उरकायचा आणि पुढे तोच वीस वर्षं कोर्टात टिकायचा किंवा टिकायचा नाही, पण कुणी तो रिकामा करून ठेवत नसे.

आणखी एक. ही सगळी माणसं नॉर्वेची. सगळे इंग्रजी बोलतात. कुणी लंडनचं, कुणी अमेरिकेचं, कुणी खास त्या दिवशी सुचलेलं. वर्तमानपत्रं आणि पाट्या मात्र कधी नॉर्वेच्या भाषेत, कधी इंग्रजीत. मावशीला याचं काही वाटलं नाही. तिच्या मते पडद्यावरचे सगळे गोरे एकाच गावचे. पण मला राहून राहून वाटत होतं, की या लोकांना एकमेकांचं बोलणं नीट कळत नसावं, तपास म्हणून तर अडलाय.

एका माणसाच्या बाबतीत मात्र हसू येत नाही. व्हॅल किल्मर इथे बर्गनचा जुना, बदनाम पोलीस अधिकारी झालाय. घशाच्या कॅन्सरने त्याचा आवाज गेला होता. सिनेमात त्याच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज घातलाय आणि तो इतक्या ढिलाईने, की ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. जिथे साधेल तिथे त्याला पाठमोरा दाखवलाय. पुढे 2022 मध्ये ‘टॉप गन: मॅव्हरिक’ने याच माणसाचं आजारपण कथेत घेतलं, त्याला टंकलेल्या शब्दांनी बोलू दिलं, आणि थिएटरात लोकांनी डोळे पुसले. 2025 मध्ये तो गेला. एकाच नटाला, एकाच आजारात, एका सिनेमाने झाकलं आणि दुसऱ्याने दाखवलं. इथे दिवस कमी पडले ही सबब पुरत नाही.

बायकांचंही तेच. खुनी ज्या बायकांना मारतो त्यांतल्या बऱ्याच आया आहेत आणि त्यांच्या आईपणाबद्दल त्याचा काहीतरी राग आहे. सुरुवातीच्या तळ्यातून तो आलाय, एवढं जुळवता येतं. पण त्या बायका कोण होत्या, काय करत होत्या, संध्याकाळी घरी यायची वाट कोण पाहत होतं, याची सिनेमाला फिकीर नाही. एकीचा गुन्हा एवढाच, की ती कोंबड्या पाळते आणि एकटी राहते. तिचं डोकं मग बाहुल्यावर बसवलेलं दिसतं. मला वाटतं, भीती न वाटण्याचं खरं कारण बाहुला नाहीच, हे आहे. जिची ओळख करून दिली नाही, तिच्यासाठी जीव कसा कासावीस होणार?

खुनी सापडलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. डेव्हिड फिंचरच्या 2007 च्या ‘झोडियाक’मध्ये तो शेवटपर्यंत हाती लागत नाही. बोंग जून-होच्या ‘मेमरीज ऑफ मर्डर’मध्येही नाही. तो 2003 चा, कोरियातल्या ह्वासाँगच्या खऱ्या खुनांवरचा. खरा गुन्हेगार कोण हे पोलिसांना कळलं 2019 मध्ये, सिनेमानंतर सोळा वर्षांनी, आणि तेव्हा तो दुसऱ्याच गुन्ह्यासाठी तुरुंगात बसलेला होता. या दोन्ही सिनेमांत खुनी सापडत नाही, पण सिनेमा सापडतो. ‘द स्नोमॅन’मध्ये खुनी सापडतो.

खरं तर ‘सापडतो’ हेही उदारपणे म्हटलं. शेवटी बर्फाळ तळ्यावर दोघं समोरासमोर येतात, आणि आपला अभ्यासक्रमातला गुप्तहेर काही करायच्या आत खुनी एका भोकातून पाण्यात पडतो. अटक तळ्याने केली. बढती द्यायची तर तळ्याला द्यायला हवी.

खऱ्या तपासात काय होतं, याची एक गोष्ट मुंबईतच आहे. 1968 मध्ये शहराच्या उत्तरेकडच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांचे रात्री खून होत होते. लोक काठ्या घेऊन गस्त घालत होते, अफवांना ऊत आला होता. ऑगस्टमध्ये रमण राघव पकडला गेला. तपास पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींकडे. हा आरोपी काही केल्या तोंड उघडेना. शेवटी त्याला विचारलं, तुला हवंय तरी काय? तर म्हणाला, कोंबडी. कोंबडी दिली. आणखी काय? तेल, कंगवा, आरसा. अंगाला तेल चोळून झालं, भांग पाडून झाला, आरशात बघून झालं, आणि मग त्याने पोलिसांना नेऊन एकेक जागा दाखवली. पुढे फाशीची शिक्षा झाली, मानसिक आजारामुळे ती जन्मठेपेत बदलली, आणि 1995 मध्ये पुण्यात ससूनला तो वारला.

हा तेल-कंगवा-आरसा कुठल्याही पटकथाकाराला सुचणार नाही. सुचला तर निर्माता काढून टाकेल, म्हणेल, खुनी असा कुठे असतो? त्याला खुनी हवा असतो तो चिठ्ठ्या लिहिणारा, प्रतीकं मांडणारा, थोडक्यात दिवाळी अंकाच्या संपादकाला आवडेल असा. श्रीराम राघवन यांनी 1991 मध्ये रघुवीर यादवला घेऊन रमण राघववर छोटासा सिनेमा केला. पैसा बेताचाच. बर्फ नाही, ऑस्कर नाही, तळं नाही. नुसता रघुवीर यादव बसून बोलतोय आणि आपण खुर्ची जरा मागे सरकवतो. अनुराग कश्यपने 2016 मध्ये ‘रमन राघव 2.0’ केला, तो सगळाच्या सगळा जमलाय असं मी म्हणणार नाही, पण त्यातल्या नवाझुद्दीनला आपण घरात घेणार नाही, चहा तर सोडाच.

एवढं सगळं बोलूनही ‘द स्नोमॅन’ मी पुन्हा लावला तर मधेच बंद करेन असं नाही. त्यातला नॉर्वे बघत राहावा असा आहे. ऑस्लोहून बर्गनला जाणारी गाडी, रुकानचे डोंगर, दरीत अडकलेला निळा उजेड, मैलोन्‌मैल कुणी पाऊल न टाकलेला पांढरा रंग. कुठल्याही टूर कंपनीने यातले खून वगळून बाकीचं जशास तसं दाखवावं. शेवटाकडे तर मावशी खुनाबद्दल बोलायची थांबली आणि तिथे शाकाहारी जेवण मिळतं का, असं विचारू लागली. कुण्या दिग्दर्शकाला ही दाद वाटेल, कुण्याला अपमान.

सिनेमा संपतो तो पुढच्या भागाची सोय करून. होल बरा होऊन कामावर आलाय, खात्यात नवं प्रकरण आलंय, कोण घेणार असा प्रश्न निघतो, आणि हा म्हणतो, मी घेतो. हॅरी होलची डझनभर पुस्तकं आहेत, म्हणजे निर्मात्यांनी पुढच्या दहाएक वर्षांची बेगमी करून ठेवली होती. तो पुढचा भाग आजतागायत निघालेला नाही. पहिल्या भागात दहा-पंधरा टक्के चित्रित करायचं राहून गेलं, दुसऱ्यात शंभर टक्के राहिलं, आणि त्याच्याबद्दल अजून एकही वाईट परीक्षण आलेलं नाही.